शालनला बोलून सांगावं लागतं

माझा नवरा गेला त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. अशा वेळी शेजारणींनी जेवण आणायचं, ही आमच्या गडमुडशिंगीची रीत. पलीकडच्या घरातली शालन पहिली आली. आजारानं तिच्या पायांत जोर नव्हता, तरी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिठलं-भाकरीचा डबा. तिनंच मला ताटावर बसवलं. मी तुकडा मोडून तसाच हातात धरून बसले. भरल्या घरात शालन म्हणाली, "तोंड का वाकडं करतीयास गं? मीठ जास्त झालंय व्हय? चाखून आणलंय की!" आणि हसली.

बायकांनी तोंडाला पदर लावले. मी म्हणाले, "ऊठ. परत माझी पायरी चढू नगंस."

"आता मी काय केलो?" म्हणत ती गेली.

हीच शालन पूर्वी गल्लीतली सून माहेराहून आली की नुसतं बघून सांगायची, "पोरगी रडून आलीया, आज तिला कामाला लावू नगा." माझं डोकं दुखतंय हे माझ्याआधी तिला कळायचं. म्हणूनच मला जास्त लागलं. चार महिने बोलले नाही. आजारानं माणसाचा दगड होतो, असं सगळ्यांना सांगत सुटले.

मग एकदा तिची लेक आली. म्हणाली, "मावशी, आईला एमएस हाय. मेंदूतल्या, पाठीतल्या शिरांचा आजार. काही जणांना त्यात समोरच्याचं तोंड बघून मनातलं कळेनासं होतं, असं डॉक्टर म्हणाले. माया कुठं जात न्हाय. तुम्ही का चिडला, हे ती मला रोज इचारती."

"पायाच्या दुखण्यात तोंड कुठनं आलं?" मी म्हटलं. पण ते 'रोज' काही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. मला बघून तिला समजेल, असं वाटलं. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"भांडायला आलीयास?"

"न्हाय."

"मग? मला आता बघून कळत न्हाय बाई. सांगितलंस तर कळंल."

असलं बोलायची मला सवय नाही. नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते. "करमत न्हाय तुझ्याबिगर," मी म्हटलं. "आणि त्या दिवशी मीठ बरोबर हुतं. माणूस गेलतं माझं. घास उतरत नव्हता."

तिचे डोळे भरले. "एवढंच सांगायचं हुतंस की गं! चार महिनं झालं, मी पिठल्यात मीठ कमी घालाय लागलोय."

यंदा तिचे पाय पारच गेले, तेव्हा लेकीनं तिला पेठ वडगावला नेलं. आता फोनवर बोलतो. तिथं मलाही तिचं तोंड दिसत नाही. परवा तिनं विचारलं, "कशी हायस?" कुणीही विचारलं तरी 'बरी हाय' म्हणून मी मोकळी होते. पण शालनला तसं सांगितलं तर ती ते खरं धरते. म्हणून म्हटलं, "आज सकाळपासनं रडाय येतंय."

"कशानं?" ती म्हणाली, आणि मी बोलेपर्यंत थांबली.