डूगल्डची फुंकर

ग्रीनॉकच्या आमच्या नाट्यगृहात मी चाळीस वर्षं गायले, नाचले, पडले आणि पुन्हा उठले. राजे पाहिले, राण्या पाहिल्या, सगळे पुठ्ठ्याच्या मुकुटांचे. पण ज्याच्यापुढे माझी बोलती बंद झाली असा माणूस तिथं एकच भेटला, आणि तो झाडू मारत होता.

डूगल्ड पेट्री मुळात दोरांवरचा माणूस. रंगमंचाच्या वर, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या माळ्यावर उभा राहून तो पडद्यांवर रंगवलेले किल्ले, अरण्यं, चांदण्या खाली सोडायचा आणि वर ओढायचा. त्याच्या हातचा चंद्र कधी धक्का खात उगवला नाही. मग दारू आली. आधी खेळ संपल्यावर, मग मध्यंतरात, मग खेळाच्या आधीच. सहा वर्षांपूर्वी त्यानं अख्खं अरण्य अर्धं मिनिट लवकर सोडलं. त्याची लाकडी दांडी माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरावर आपटली. मी गाणं पुरं केलं, विंगेत जाऊन बसले आणि तासभर उठले नाही. दुसऱ्या दिवसापासून डूगल्डच्या हातात झाडू आला.

गेल्या सप्टेंबरात दवाखान्यातल्या शोना नावाच्या नर्सनं त्याला एका योजनेत घातलं. एक फोन आणि चिरुटाएवढी नळी. दिवसातून तीनदा, वेळ आधी न सांगता, फोन हाक मारणार. अर्ध्या तासाच्या आत नळीत फुंकायचं. फुंकताना फोन चेहऱ्याचा फोटो काढतो, म्हणजे शेजाऱ्याला फुंकायला लावायची सोय नाही. श्वास कोरा निघाला की बक्षीस म्हणून किराणा दुकानाचं कूपन. त्यावर दारू सोडून काहीही मिळतं. एकामागून एक कोरे दिवस जोडले की कूपन वाढत जातं. दारू निघाली किंवा हाक चुकली, की पुन्हा पहिल्या दिवसापासून.

मी हसले होते. "साठीच्या बाप्याला बिस्किटं देऊन दारू सोडवणार? कुत्रं आहेस का रे तू?"

"कुत्र्याला निदान शाबास तरी म्हणतात, इना," तो म्हणाला. "मला शेवटचं कोण म्हणालं होतं?"



पहिल्या कूपनावर त्यानं मोजे घेतले. मग जर्दाळूचा डबा. मग संत्र्याचा मुरंबा, तोही झाकणाला कापड बांधलेला. प्रत्येक वस्तू तो मला आणून दाखवायचा, जशी आम्ही नट मंडळी वर्तमानपत्रातली कौतुकाची कात्रणं दाखवतो. बायको गेली, पाद्री थकले, डॉक्टर ओरडले, तेव्हा जे हललं नाही ते या मुरंब्यानं कसं हलवलं, मला आजही सांगता येत नाही. विसावा दिवस गेला, चाळिसावा गेला. त्याचे हात थरथरायचे थांबले.

व्यवस्थापक गॅलब्रेथसाहेबांनी हे पाहिलं. "योजनेचे चौऱ्याऐंशी दिवस सलग पुरे कर, पेट्री. नाताळच्या नाटकाला दोर तुझे." चौऱ्याऐंशीवा दिवस एक डिसेंबरला येत होता, नाटक त्यानंतरच्या आठवड्यात. तेव्हापासून आम्ही सगळे बोटांवर दिवस मोजू लागलो.

एकच अडचण होती. डूगल्डला कमी ऐकू येतं, म्हणून त्यानं फोनला शिट्टीचा आवाज लावला होता. त्याला दोर शिकवणारे म्हातारे जहाजांवरून आलेले. एकमेकांना इशारे द्यायचे ते शिट्टीनं. शिट्टी कानावर पडली की त्याचं अंग आपोआप जागं होई. पण नाट्यगृहात शिट्टी म्हणजे घोर अपशकुन. उगाच कोणी शिट्टी मारली आणि वरच्यानं ती इशारा समजून दोर सोडला, तर खालचा मेलाच. म्हणून शिट्टी वाजवणाऱ्यानं आल्या पावली बाहेर जायचं, कशालाही हात लावायचा नाही, रस्त्यावर तीन गिरक्या घ्यायच्या, दार ठोठावायचं, आणि ज्यानं हाकललं त्यानं आतून बोलावलं तरच परत यायचं. त्यामुळे डूगल्ड फोन दारवान वुलीच्या खोलीत ठेवी.

अठरा नोव्हेंबर, एकाहत्तरावा दिवस. वुली दात काढून घ्यायला गेला होता, म्हणून फोन डूगल्डच्या कोटात, आणि कोट विंगेतल्या खुंटीला. भर तालमीत शिट्टी वाजली.

सगळे जागच्या जागी थिजले. माझ्यातली नाटकी बाई उसळली. मी दाराकडे हात केला आणि कडाडले, "चालता हो, पाप्या!" लोक हसले. तोही हसला, आणि नुसत्या शर्टावरच बाहेर गेला. कोट खुंटीला तसाच.

दार उघडायचं काम माझं. हाकलणाऱ्यानंच बोलवायचं असतं. थोडं ताटकळत ठेवू, मजा येईल, असं मनात आलं आणि तेवढ्यात वाद्यवृंदानं माझ्या गाण्याचा सूर धरला. एकदा झालं, दिग्दर्शकाला नाच आवडला नाही, पुन्हा झालं. तिसऱ्यांदा गाताना मला दार आठवलं.

मी धावले. चाळीस मिनिटं होऊन गेली होती. बाहेर भुरभुर बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होता. समोरच्या गुत्त्याचं दार सताड उघडं, आत दिवे, शेकोटी. आणि डूगल्ड आमच्या दाराला पाठ लावून उभा, ओठ निळे पडलेले.

"ये रे, ये आत! अरे देवा, तुझा फोन!"

"चुकला असेल आता," तो म्हणाला.

"तुला आठवलं नाही?"

"आठवत होतं ना. सारखंच."

"मग घुसायचंस की गाढवा आत! किंवा समोर तरी जाऊन बसायचंस ऊब घेत."

"वर सामान लटकलेलं होतं, इना. न बोलावता आलो असतो आणि काही पडलं असतं तर? एकदा पडलंय. आणि समोर गेलो असतो तर तुझी हाक ऐकू आली नसती."

फोनवर लिहिलं होतं: हाक चुकली, उद्या पहिला दिवस. त्यानं तरीही नळी काढली आणि फुंकलं. शून्य. ते शून्य कुठंच धरलं जाणार नव्हतं.

दुपारी शोना आली. मी रडत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो डूगल्ड, यात तुमची चूक नाही. मी योजनेवाल्यांना लिहिते. अशी कारणं ते मान्य करतात." गॅलब्रेथसाहेब म्हणाले, "आम्ही सगळे सह्या करतो."

डूगल्डनं मान हलवली. "नको, पोरी."

"का रे बाबा?" मी ओरडले. "ही काय थाप आहे? खरी गोष्ट आहे ही!"

"माझ्या गोष्टी बहुतेक खऱ्याच असायच्या," तो म्हणाला. "बायकोनं ऐकल्या. साहेबांनी ऐकल्या. तू तर सगळ्यात जास्त. प्रत्येक जण ऐकायचा, हळहळायचा, सोडून द्यायचा. आणि मी प्यायचो. हे पहिलंच यंत्र भेटलंय, जे माझी गोष्ट ऐकत नाही. त्याला तुम्ही ऐकायला शिकवू नका."

"आणि दोर? नाताळ?"

"नाताळला दुसरा कोणी ओढेल."

खोलीत कोणी हललं नाही. मी मोठमोठ्या नटांचे मोठमोठे शेवट पाहिले आहेत, पण अशी शांतता त्यांतल्या एकालाही मिळाली नव्हती.

नाताळच्या नाटकात ग्लासगोहून आणलेला माणूस दोरांवर होता. त्याचा चंद्र दोनदा अडकला. डूगल्ड खाली झाडत होता. त्यानं वर पाहिलं, दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा झाडू लागला. कूपन परत मोज्यांपुरतं झालं होतं. त्यानं यंदा मोजे मला आणले, लाल.

दहा फेब्रुवारीला सकाळी त्यानं चौऱ्याऐंशीव्या दिवसाची पहिली फुंकर मारली, संध्याकाळी शेवटची. अकरा तारखेला गॅलब्रेथसाहेब स्वतः शिडी धरून उभे राहिले. डूगल्ड हळूहळू चढला. मध्येच थांबला, एका हातानं कठडा धरला आणि खाली न बघता म्हणाला, "इना, तिथून बाजूला हो. सवय गेलीये माझी."

मी झाले बाजूला.