साधं पान

सणसरहून डबा घेऊन आलेली आई थेट माझ्या प्रयोगशाळेतच शिरली. बारामतीत मी नेमकं काय करते हे तिला कधी उमगलं नव्हतं. ट्रेमधली रोपं बघून भडकलीच. "शिकायला धाडली आन् हितं तंबाकू लावतीस व्हय गं?"

"अगं आई, खायला नाही!" पेशीत प्रोटीन कसं मोडतं, ते मी बघत होते. प्रोटीनला चमकणारी खूण जोडायची, रोपाला उष्णता द्यायची आणि निळ्या उजेडात पान तपासायचं. प्रोटीन मोडलं की चमक जाते. माझी चमक काही केल्या जाईना. इतक्या उष्णतेतही प्रोटीन टिकतंय म्हणून माझ्या गाईड मॅडम हरखून गेल्या होत्या.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी खूण न जोडलेलं साधं पान बघितलं होतं, आणि तेही चमकलं होतं. पानाची स्वतःचीही चमक असते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण घाई नडली. काच मळली असेल म्हणून तो फोटो मी पुसून टाकला. मूर्ख कुठली! आणि आज सकाळी मॅडमचा मेसेज आला, "साध्या पानाचा फोटो पाठव. तेवढाच राहिलाय."

काच लख्ख पुसली. साध्या पानाचा आणि खुणेच्या पानाचा, दोन्ही फोटो नव्याने काढून पडद्यावर शेजारी लावले. मी पाठ फिरवली. "आई, तू बघ गं. मला धीर होईना."

ती वाकून बघत राहिली. "दोनी सारकीच की. ह्यातलं साधं कंचं?"

म्हणजे चमक प्रोटीनची नव्हतीच, पानाचीच होती. झालं, सहा महिन्यांचं मुसळ केरात. "दुसराच एखादा न चमकणारा, काळा फोटो पाठवला तर?" मी पुटपुटले.

आईनं ऐकलंच. "कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाय, बाय."

मला तिचा रागच आला. तिला काय जातंय बोलायला! तरी मॅडमना फोन लावला. पुसलेल्या फोटोसकट सगळं सांगितलं. 

"पेपर मी कालच जर्नलला पाठवलाय गं," त्या म्हणाल्या. "साध्या पानाचा फोटो मागून जोडते, असं कळवून."

 "परत मागवा, मॅडम. त्यावर पहिलं नाव माझं आहे."