मास्कवाल्याचा आवाज

दादाचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, त्याच आठवड्यात आमचं लहानपणीचं कार्टून नव्या रूपात परत आलं.

डॉक्टर म्हणाले, आवाज जाईल पण माणूस वाचेल. त्या दिवसापासून दादाने बोलणंच टाकलं. ऑपरेशनला अजून अवकाश होता. घोगरा का होईना, आवाज होता. पण हा तोंड उघडेना. जेवायला हाक मारली की नुसती मान हलवायचा. दादाने लग्न केलं नाही. दहिवलीच्या घरात तो आणि आई दोघंच, त्यामुळे तिथे दिवसभर कुकरच्या शिट्टीशिवाय काही ऐकू यायचं नाही. आई रडकुंडीला आली होती. "जायचाच हाय तर जाईपर्यंत तरी बोल ना रं," म्हणायची. मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटायचं. जन्मभर आमची डोकी खाल्लीस, आणि आता थोडे दिवस उरलेत तर गप्प? ते थोडे दिवस काय तुझ्या एकट्याचे आहेत का?

त्या कार्टूनची जाहिरात मी खालापूरला ऑफिसात डबा खाताना मोबाईलवर पाहिली. खाली शेकड्यांनी लोक भांडत होते. सगळे माझ्याच वयाचे, केस पिकलेले, कुणाकुणाच्या फोटोत कडेवर पोरं. त्यातल्या कासवाचा रंग बदलला म्हणून शिव्या. आमच्या बालपणाची वाट लावली म्हणून गळे काढलेले. मला हसू आलं. अरे बाबांनो, पोरांसाठी आहे ते, तुम्हाला कुणी बोलावलंय? असं म्हणत मी ती जाहिरात पुन्हा पुन्हा लावत बसले, आणि डबा तसाच राहिला.

आमची गोष्ट त्या लोकांपेक्षा थोडी वेगळी होती. आम्ही ते कार्टून कधी ऐकलंच नव्हतं. मोहोपाड्याला केमिकल कंपनीच्या कॉलनीत राहायचो. बाबा प्लांटवर, शिफ्टमध्ये. कॉलनीत कडीला फडका बांधलेला दिसला की समजायचं, रातपाळीवाला झोपलाय. मग बेल वाजवायची नाही, जिन्यात चपला घासायच्या नाहीत. आमच्या घरात तर एकच खोली. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले आणि आम्ही दोघं टीव्हीच्या काचेला नाक लावून, आवाज शून्यावर. तीन पोरं, एक कासव, आणि त्यांचा एक उडता टेंपो. कोण काय बोलतं ते दादा माझ्या कानात कुजबुजत सांगायचा. सगळ्यांचे आवाज तोच काढायचा. मला मेलीला फक्त कासव मिळायचं.

त्यात एक मास्कवाला होता. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क. तो धुरातून आला की पोरं दडी मारायची. कंपनीने एकदा घरच्यांना प्लांट दाखवला होता, तेव्हा बाबांनी असाच मास्क घालून दाखवला होता. त्यामुळे आम्हाला शंकाच आली नाही. हा त्या पोरांचा बाप. रातपाळी करून आलाय, म्हणून पोरं गप्प होतात. दादा त्याला बाबांचा आवाज द्यायचा. "गप बसा रं, डोळ्याला डोळा नाय लागला रातभर." हुबेहूब. मी तोंडात फ्रॉकचा बोळा कोंबून हसायची.

तर संध्याकाळी मी दहिवलीला गेले. दादा पलंगावर छताकडे बघत पडला होता. मी शेजारी बसले आणि त्याच्या मोबाईलवर पहिला भाग लावून त्याच्या हातात दिला. या वेळी आवाजासकट. आधी तो बघेना. मग एका डोळ्याने बघायला लागला. मग उठून बसला. टेंपो आता चकाचक झाला होता, कासव निळं. दादाने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. मीही मारला. त्या भांडणाऱ्या लोकांमध्ये आम्हीसुद्धा जाऊन बसलो होतो.

मास्कवाला आला. त्याने नदीत विष सोडलं आणि राक्षसासारखा हसला.

"आयला! हा व्हिलन हाय?"

दादा बोलला. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य, तेही हे. मला हसावं की रडावं कळेना.

"म्हणजे पोरं त्याला घाबरून दडायची?" मी म्हटलं.

"गाढव होतो आपण," दादा म्हणाला. मग पुन्हा ऐकू लागला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "पण हा आवाज नाय त्याचा. काय गं हा आवाज? घशात बेडूक अडकल्यागत." स्वतःचा घसा कसा झालाय ते तो विसरला होता. त्याने मोबाईलचा आवाज शून्यावर आणला, मास्कवाल्याकडे बोट दाखवलं आणि बोलला, "गप बसा रं, डोळ्याला डोळा नाय लागला रातभर."

बाबाच. आजाराने आवाज जाड झाला होता, म्हणून तर आणखीच बाबा. स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. आई दारात आली, हात पिठाचे.

बाबा गेले तेव्हा आमच्याकडे साधा बटणांचा फोन होता. फोटो आहेत, आवाज कुठेच नाही.

"परत बोल," आई म्हणाली. दादा बोलला. आई पलंगाच्या कडेला टेकली. "'जेवायला वाढ' म्हण." दादाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "वाढ गं, भूक लागलीय."

"वाढते," आई म्हणाली. नेहमीच्या, जरा वैतागलेल्या सुरात.

मी आवाज रेकॉर्ड करायला पर्समधून माझा फोन काढला. दादाने लगेच हात आडवा घातला. "ठेव तो. जिवंतपणी माझं तेरावं घालतेस काय? मी हाय अजून." त्याचा राग खरा होता. मी फोन ठेवला. त्याच्यावर मी अजून चिडलेली आहे आणि तो बरोबर होता, हेही मला माहीत आहे. आई त्याच्याकडून एकेक वाक्य मागत राहिली, त्याचा घसा बसून नुसती हवा येईपर्यंत.

ऑपरेशन झालं. दादा वाचला. गळ्याला भोक आहे, त्यावर जाळी. काही महिन्यांनी मुंबईहून एक मशीन मिळालं. ते गळ्याला टेकवलं की बोलता येतं. दवाखान्याच्या बाकावर असे चार-पाच जण बसलेले असायचे, सगळ्यांचा आवाज एकच, खरखरता. घरी येऊन दादाने मशीन गळ्याला लावलं आणि म्हटलं, "आई." आई हसली. त्याच्या तोंडावरून हात फिरवला, साखर घातली तोंडात.

मग माझ्यामागे स्वयंपाकघरात आली, नळ सोडला आणि हळूच म्हणाली, "दोघांचा पण गेला ना गं आवाज?"

मी हो म्हटलं.