टाकी आंबली तेव्हा

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. मुलांनी नोकरीतलं काही विचारलं की दुसरंच काहीतरी सांगत आलो. आता टाळायला फारसा वेळ उरलेला नाही.

दिल्लीजवळच्या एका सांडपाणी प्रकल्पावर मी इंजिनियर होतो. मैल्याच्या गाळात हॉटेलांतलं उरलंसुरलं अन्न मिसळून ते बंद टाकीत कुजवायचं आणि निघणारा गॅस पाइपाने आमच्या क्वार्टर्समध्ये द्यायचा, असं ते काम. टाकी म्हणजे माणसाचं पोटच. रोज थोडं थोडं भरवायचं. एकदम भरवलं तर आत सगळं आंबतं आणि गॅस बंद पडतो. हे मला पक्कं ठाऊक होतं.

टाकी सांभाळायला अकोल्याकडचा एक तरुण ठेक्यावर होता. त्याची बायको त्याच गॅसवर डबे करायची. दोघांचं आणि तान्ह्या मुलीचं घर त्यावर चालायचं.

एका वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसाद फार उरला. भात, वरण, पुऱ्या, श्रीखंडाची पातेली. प्रसाद उकिरड्यावर कसा टाकायचा? मी टाकीचं नाव काढताच बायको म्हणाली, "देवाचं अन्न मैल्यात घालणार?"

"अगं, उद्या त्याच्याच आचेवर तुझा चहा होईल."

स्वतःच्या बोलण्यावर मी खूश होतो. सगळं टाकीत ओतायला लावलं. त्या तरुणाची पाळी संध्याकाळची होती, आणि नंतर त्याला सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी कामावर येऊन त्याने नेहमीप्रमाणे पहाडगंजच्या हॉटेलांतल्या उरल्या अन्नाची गाडीही टाकीत रिकामी केली.

दोन-तीन दिवसांत शेगड्या फुरफुरून विझल्या. "गणपती गेले ते गॅसही घेऊन गेले," क्वार्टर्समधल्या बायका हसल्या. मग रॉकेलच्या रांगेत उभं राहावं लागलं आणि हसू आटलं. आम्ही टाकीला भरवणं थांबवलं, आंबटपणा मारायला चुना घातला, नवे जंतू वाढावेत म्हणून शेण कालवून ओतलं. टाकी काही उठेना. त्या तरुणाच्या बायकोचे डबे बंद पडले.

मोठ्या साहेबांनी मला आणि त्याला बोलावलं. "किसने डाला इतना?"

"मैंने, साहब. गाड़ी मैंने खाली की थी," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लड़का मेहनती है, सर."

एवढंच. त्याला काढून टाकलं.

निवृत्तीनंतर गाझियाबादला त्याचं घर शोधत गेलो. सांगायलाच गेलो होतो. तो एका कारखान्यावर पहारेकरी झाला होता. चहा देताना त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, हे अजून झोपेत बडबडतात, गाडी अर्धीच रिकामी करायला हवी होती म्हणून."

तो ओशाळून हसला. "जाऊ दे ना. साहेब, तेव्हा तुम्ही एकटेच माझ्या बाजूने बोललात. पोरीला नेहमी सांगतो मी, तिथे एक माणूस आपला होता."

मी कप खाली ठेवला. "तब्येत जपा," असं काहीतरी बोलून मी उठलो.

मागच्या हिवाळ्यात तो गेल्याचं कळलं. त्याच्या बायकोपुढे जायचा धीर अजून होत नाही. त्याला तोंडावर जे सांगू शकलो नाही ते आता भिंतीकडे बघत बोलतो: गाडी रोजच्याएवढीच होती रे. टाकी तू नाही, मी मारली. मला माफ कर.