मैत्रिणींसाठी जास्तीचे धपाटे

शाळेत मधल्या सुट्टीत आमची अंगतपंगत असायची. गोल करून बसायचं, डबे मध्ये ठेवायचे, जिला जे आवडेल ते तिनं उचलायचं. सातवीपर्यंत माझाही डबा त्या गोलात असे. मग वर्गातली एक मुलगी वही न्यायला आमच्या घरी आली आणि तिनं भिंतीवरचा बुद्धाचा फोटो पाहिला. दुसऱ्या दिवशी तिनं माझा डबा दोन बोटांनी गोलाबाहेर सरकवला. "तू तुझं तुझं खा," म्हणाली. बाकीच्यांपैकी एकीनंही तोंड उघडलं नाही, घास घेण्यापुरतं सोडून. दहावीपर्यंत मी एकटी जेवले.

आईला हे सांगणं मला जमलं नाही. ती पहाटे उठून ज्वारीचे धपाटे करायची आणि मैत्रिणींसाठी मुद्दाम चार जास्त द्यायची. शाळा सुटली की ते मी मंडईमागच्या गाईंना घालायचे. घरी आई विचारायची, "संपले?" मी सांगायचे, "सगळ्यांना फार आवडले." मग ती आणखी दोन वाढवायची. गाईंचं भलं झालं.

पुढे बँकेत नोकरी लागली, वाघोलीला फ्लॅट घेतला, मुलं मोठी झाली. ते सगळं मी विसरले, असं लोकांना सांगायचे. साफ खोटं. माझ्या अपमानाचा राग एक वेळ निवला असता. आईच्या त्या पहाटांचा निवत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात हडपसरला एकीच्या घरी वर्गातल्या मुलींनी भेटायचं ठरवलं. ग्रुपवर कुणाला तरी हौस आली: जुनी अंगतपंगत करू, प्रत्येकीनं डबा आणायचा. मी जाणारच नव्हते. पण आईच्या कानावर गेलं. ऐंशी उलटलेली, हात थरथरणारी आई ओट्याशी उभी राहिली. "त्यांना आवडायचे ना," म्हणाली आणि बारा धपाटे थापले. आता हे कुठल्या गाईला घालणार होते मी?

माझा डबा सरकवणारी तीही आली होती. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. मी डबा मांडीवरच धरून बसले होते. ती माझ्यासमोर कष्टानं खाली बसली. "तुझा डबा मी बाहेर काढला होता," म्हणाली. "अधूनमधून आठवतं मला. चुकलं गं माझं."

"मला रोज आठवतं," मी म्हणाले.

तिनं मान खाली घातली. लहान होतो, घरचं वळणच तसं होतं, अशी एकही सबब तिनं पुढे केली नाही. धार लावून ठेवलेली कितीतरी वाक्यं माझ्यापाशी होती. पण डबा अजून कोमट होता. तो तसाच परत नेला असता, तर शिक्षा पुन्हा आईलाच झाली असती. मी झाकण काढलं.

"आईनं केलेत. तेव्हाही तुमच्यासाठीच करायची."

तिनं एक खाल्ला, डोळे पुसत दुसरा घेतला, मग तिसरा. मग बाकीच्यांचे हात आले. राग पुरता गेला असं म्हणणार नाही. पण तिला मी माफ केलं, आणि मला हलकं वाटलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "संपले?"

"सगळे. एकीनं तर तीन खाल्ले."

आई खूश झाली, दर वेळी व्हायची तशीच. मी मात्र पहिल्यांदाच खरं बोलत होते.