पंखातल्या टाकीचं सीलंट

काल अनसिंग गावातल्या माझ्या घरी प्लंबरने गळती बुजवायच्या सीलंटचा डबा उघडला आणि त्या उग्र वासासरशी मी विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेच्या हँगरमध्ये पोचलो, जिथं मी मदतनीस मेकॅनिक होतो. छोट्या विमानाच्या पंखातली इंधनाची टाकी गळत होती. शाळेच्या मालकांना लवकर सुकणारं, मुदत संपलेलं सीलंट लावून हवं होतं. आमचे उस्ताद, मुख्य मेकॅनिक रफीकभाई, माझ्यासारखेच वाशिमकडचे. ते म्हणाले, "हे पेट्रोलात टिकत नाई. मी नाई लावत. सुकाले दोन दिवस लागले तरी चांगलंच लावू."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ब्रश उचलला.

"काहून बापा, तुले समजत नाई काय?" रफीकभाई एवढंच बोलले. संध्याकाळी त्यांची नोकरी गेली.

आठवड्याभरात टाकी पुन्हा गळू लागली. विमान जमिनीवर होतं म्हणून निभावलं. मग मालकांनी रफीकभाईंनी सांगितलेलंच सीलंट मागवलं आणि त्यांची जागा मला दिली. मी घरी पेढे वाटले होते.