चूलबंद आवतण

माझ्या मामेसासऱ्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात नाही, आणि असलाच तर तो त्यांच्याशी एकदा भांडून तालुका सोडून गेला असेल. त्यांची नात आर्वी सात वर्षांची. बारामतीच्या डॉक्टरांनी तिला स्वमग्न म्हटलं, तेव्हा मामा म्हणाले, "बरं हाय की! आपल्या निरवांगीत समदी दुसऱ्याच्या घरात मग्न हायत." घरी येताना मात्र त्यांनी डोळे पुसायला दोनदा मोटारसायकल थांबवली. मी मागंच बसलो होतो.

आर्वी कुणाकडे बघायची नाही, बोलायची नाही. बोलायची ती फक्त काळ्याशी, म्हणजे मामांनी उसाच्या फडातून उचलून आणलेल्या कुत्र्याशी. त्याच्या कानात तासन्‌तास काय सांगायची कुणास ठाऊक. तो जवळ असला की गर्दीतही शांत बसायची. नातेवाईक सुचवायचे, लग्नाकार्यात पोरीला आणू नका, ओरडते. मामा हटकून आणायचे आणि काळ्यालाही मोटारसायकलच्या टाकीवर बसवून आणायचे. हे ज्यांना खपत नाही त्यांनी आम्हाला खुशाल बोलावू नये, असं आता माझंही मत आहे.

तेव्हा नव्हतं. काटेवाडीच्या लग्नात नवरीचे चुलते पंगतीत कुत्रं बघून मामांवर तापले. "आबा, आवतण माणसांना हाय!"

मामा पाटावरून हलले नाहीत. "चूलबंद आवतण दिलंत न्हवं? घरात चूल पेटवायची न्हाय, समद्यांनी हितंच जेवायचं. आमच्या चुलीवरची भाकरी ह्यो बी खातो. त्यानं उपाशी ऱ्हायचं व्हय?"

अख्खी पंगत थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आर्वीनं वाढप्याचा सदरा धरला, मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काळ्याला वाढा."

माणसाशी तिचं हे पहिलं बोलणं. चुलत्यांनी स्वतः पत्रावळ आणली.

गेल्या उन्हाळ्यात काळ्या गेला. आर्वी कितीतरी दिवस त्याच्या पोत्यावर बसून राहायची. पोर पुन्हा मिटली, असं वाटून मामांनी भांडणंसुद्धा सोडली होती.

परवा एक पाहुणे लग्नाची पत्रिका घेऊन आले. मामा उठायच्या आत आर्वी दारात गेली.

"चूलबंद हाय का?"

"व्हय बाळा. घरातल्या समद्यांनी यायचं."

तिनं रिकाम्या पोत्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. "काळ्या न्हाय आता. पण मी येनार."

मामा घाईघाईनं चपला शोधायला लागले. त्या त्यांच्या पायातच होत्या.